सरासरीत हरवलेली एकादशी

आषाढी एकादशीला पंढरपुरात फोन लागत नाही ही तक्रार जुनी आहे, आणि तिचं ठरलेलं उत्तरही जुनं आहे: गर्दी फार होती, टॉवर कमी पडले. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. नेटवर्क कोलमडतं ते माणसं जास्त असतात एवढ्यावरून नाही. ती एकाच वेळी फोन लावतात, आणि लागला नाही तर लगेच पुन्हा लावतात, यावरून कोलमडतं. नेटवर्कची आखणी ज्या गणितावर होते त्यात या दोन्ही गोष्टी धरलेल्याच नसतात. आणि सेवेची गुणवत्ता मोजायची आपली पद्धत अशी आहे की नेमका हाच दिवस हिशेबातून निसटतो. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची पर्वस्नानं आहेत. त्याआधी ही पद्धत बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गणितापासून सुरुवात करू. ए. के. एर्लांग हे डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. १९०९ मध्ये त्यांनी टेलिफोन कॉलच्या येण्याला संभाव्यतेचा नियम लावून दाखवला आणि १९१७ मध्ये ‘इतक्या लाइन असतील तर किती कॉल परत फिरतील’ याचं सूत्र दिलं. आजही जगभरचे अभियंते ते वापरतात. मोजायचं एककही त्यांच्याच नावाचं: एक लाइन तासभर अखंड व्यापलेली राहिली की एक एर्लांग. दोन-दोन मिनिटांचे ३० कॉल म्हणजे एक एर्लांग.

आता टू-जीच्या टॉवरचा एक छोटा सेक्टर, म्हणजे एका दिशेचा भाग घ्या, दोन टीआरएक्सचा (लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या दोन यंत्रांचा). त्यात १६ टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे कप्पे असतात. एक प्रसारणासाठी जातो, एक सिग्नलिंगसाठी (कॉल जोडण्याआधीच्या देवाणघेवाणीसाठी), आणि बोलायला १४ चॅनल उरतात. प्रत्येक कॉल सरासरी ९० सेकंदांचा धरला आणि कॉल जराही फट न ठेवता एकामागून एक बसवले, तर तासाला ५६० कॉल मावतील. पण माणसं रांग लावून फोन करत नाहीत. कधी पाच जण एकदम येतात, कधी मिनिटभर कोणीच येत नाही. म्हणून शंभरातले दोनच कॉल परत फिरावेत असं वाटत असेल, तर एर्लांगच्या सूत्राप्रमाणे या १४ चॅनलवर ८.२ एर्लांगच घेता येतात, म्हणजे ३२८ कॉल. उरलेली जागा वाया जात नाही, ती योगायोगाने एकदम येणाऱ्यांसाठी राखलेली असते.

यावर भार वाढवून पाहा. कॉल २० टक्क्यांनी वाढले, ३२८ चे ३९४ झाले, तर परत फिरणाऱ्यांचं प्रमाण २ वरून ५ टक्क्यांच्या पुढे जातं. भार दुप्पट झाला, ६५६ कॉल आले, तर ते जवळपास २७ टक्क्यांवर पोचतं. भार दुप्पट, अपयश तेरापट. ओळखीच्या गर्दीत फोन ‘अचानक’ बंद पडल्यासारखा वाटतो त्याचं कारण हे आहे. उतार सरळ नाही, एका टप्प्यानंतर तो कडा होतो.

आणि २७ टक्के हा आकडासुद्धा उदार आहे, कारण सूत्रामागे दोन गृहीतकं आहेत. पहिलं, प्रत्येक माणूस इतरांपासून स्वतंत्रपणे फोन करतो. दुसरं, ज्याला लाइन मिळाली नाही तो फोन खाली ठेवून निघून जातो. कोपनहेगनच्या साध्या दिवसाला दोन्ही गृहीतकं बऱ्यापैकी लागू पडत असतील. पंढरपूरच्या दशमी-एकादशीला एकही लागू पडत नाही.

स्वतंत्रपणाचं बघा. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची वस्ती लाखाच्या आत होती. आषाढीला तिथे कित्येक लाख वारकरी येतात. पण निव्वळ संख्येपेक्षा त्यांचा ताल महत्त्वाचा. पालखी मुक्कामी पोचली की सगळी दिंडी एकदम घरी फोन लावते: पोचलो. चंद्रभागेच्या वाळवंटात चुकामूक झाली की एका हरवलेल्या माणसासाठी पाच-सहा जण एकमेकांना फोन करू लागतात. दर्शन बारीवरून बाहेर पडलेला प्रत्येक जण ‘झालं दर्शन’ सांगायला खिशात हात घालतो. कळस दिसला की व्हिडिओ कॉल. यात चुकीचं काहीच नाही. घरी राहिलेल्या आईला कळस दाखवणं हा वारीचाच भाग झाला आहे. मुद्दा एवढाच की हे कॉल एकमेकांना बांधलेले आहेत. एकाच घटनेने हजारो फोन एका मिनिटात बाहेर निघतात, आणि ‘कधी पाच, कधी शून्य’ हा हिशेब तिथे चालत नाही.

दुसरं गृहीतक मोडतं तेव्हा खरं नुकसान होतं. वरच्या सेक्टरमध्ये ६५६ जणांना बोलायचं आहे आणि जागा कशीही लावली तरी ५६० जणांचीच आहे. उरलेले शंभरेक जण घरी जात नाहीत, ते पुन्हा बटण दाबतात. पुढच्या मिनिटाच्या नव्या कॉलमध्ये मागच्या मिनिटाचे परतलेले मिसळतात, आणि थोड्याच वेळात येणाऱ्या प्रयत्नांपैकी बहुतेक पुनःप्रयत्नच असतात. बोलण्याची एकूण मिनिटं त्याने वाढत नाहीत, कारण चॅनल आधीच भरलेले आहेत. वाढतं ते दारातलं ओझं.

या दाराबद्दल फार कमी बोललं जातं. फोनला बोलायची जागा मिळण्याआधी ‘मला जागा हवी’ असं टॉवरला सांगावं लागतं, आणि ते सांगायची वाट सगळ्यांना सामाईक असते. दोन फोन एकाच क्षणी बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही. अशा वाटेचं गणित पक्कं आहे: चांगल्यात चांगल्या परिस्थितीतही तिच्या वेळेचा साधारण ३७ टक्के भागच उपयोगी पडतो, आणि त्यापुढे प्रयत्न वाढवले तर यशस्वी होणाऱ्यांची संख्या वाढायच्या ऐवजी घसरते. फोर-जीतही प्रत्येक सेलला (टॉवरच्या एका अँटेनाखालच्या भागाला) अशा ‘हाका’ ६४ च प्रकारच्या आहेत. दोघांनी एकच निवडली की टक्कर. टू-जीत हाक ऐकली गेल्यावर सिग्नलिंगच्या आठ उपचॅनलपैकी एक काही सेकंद अडकतो, मग पुढे बोलायला जागा मिळो न मिळो. त्याच आठांवरून एसएमएस जातात, आणि फोन एका क्षेत्रातून (टॉवरच्या एका गटातून) दुसऱ्यात गेल्याची नोंदही तिथूनच होते. गाडी फलाटावर लागली आणि हजारो फोन एकदम नव्या क्षेत्रात शिरले, तर कोणी एकही कॉल न करता दार भरतं. म्हणून क्षेत्राची सीमा स्टेशनवरून किंवा यात्रेच्या रस्त्यावरून आखू नये, हे आखणीचं साधं पथ्य आहे.

कोणी म्हणेल, टू-जीचे चॅनल मोजणं आता जुनं झालं. साध्या फोनवर बोलणारी मंडळी वारीत आजही पुष्कळ आहेत, हे एक. आणि व्होल्टीईमध्ये, म्हणजे फोर-जीवरून होणाऱ्या कॉलमध्ये, आवाजाला स्वतंत्र चॅनल नसला तरी गणिताचा गाभा तोच राहतो. तिथे चांगल्या प्रतीच्या आवाजाला सेकंदाला साधारण १३ किलोबिट पुरतात, तर व्हिडिओ कॉलला काही शे लागतात. आवाजाला अग्रक्रम असतो, त्यामुळे आत शिरलेला कॉल सहसा टिकतो. पण शिरायचं दार आणि फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट या दोन्ही अरुंदच राहतात. फाइव्ह-जीच्या मुख्य पट्ट्यात वेळेचा मोठा वाटा टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या माहितीला दिलेला असतो, कारण एरवी लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. यात्रेत हे उलटं होतं. प्रत्येक जण पाठवत असतो.

इथपर्यंत वाचून ‘मग लोकांनीच जरा शिस्त पाळावी’ असा निष्कर्ष काढला जाईल. तो मला मान्य नाही. पुन्हा फोन लावणारा माणूस अडाणी नसतो. आपण थांबलो तर शेजारच्याला लाइन मिळेल हे त्याला नेमकं कळतं, आणि एकट्याने थांबून त्याचा काहीच फायदा नसतो. शिवाय फोनवरची वागणूक ही कोणाची जन्मजात सवय नव्हे. ती दरांनी आणि नियमांनी घडवलेली आहे, आणि आपल्याकडे याचे पुरावे भरपूर आहेत.

एसटीडी बूथचा काळ आठवा. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर टप्प्याटप्प्याने कमी, रात्री उशिरा पाव दर. त्या पाव दराने लाखो लोकांना जेवणानंतर बूथवर रांगेत उभं केलं आणि कचेऱ्यांच्या वेळेतली ट्रंक लाइनवरची गर्दी हलकी केली. स्वस्त वेळ सुरू झाल्याबरोबर एक नवा सुळका उभा राहायचा, हा त्याचा दोष. पण दराने गर्दी हलवता येते हे त्यातून सिद्ध झालं. रेल्वेने २०१५ मध्ये वातानुकूलित डब्यांचं तत्काळ बुकिंग १० वाजता आणि बाकीचं ११ वाजता केलं, तोही हाच उपाय: एक सुळका कापून दोन बुटके करायचे.

मिस कॉलचंही तसंच. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि ‘मिस कॉल दे’ हा शब्दप्रयोग घरोघर पोचला. ग्राहकाला तो फुकट वाटतो, नेटवर्कला तो फुकट नसतो. घंटी वाजायला लागण्याआधीच सहसा बोलण्याची जागा अडवलेली असते. दहा-पंधरा सेकंद घंटी म्हणजे दहा-पंधरा सेकंद चॅनल, दोन्ही टोकांना.

२०१९ साली तर कंपन्यांनीच हे वागणं वाकवलं. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर कॉल गेला की पहिल्याने दुसऱ्याला मिनिटाला ६ पैसे द्यायचे, असा नियम होता. घंटी लवकर थांबवली की कॉल मिस होतो, समोरचा उलट फोन करतो, आणि पैशांची दिशा फिरते. जिओने घंटीचा वेळ कमी केला, मग एअरटेलनेही २५ सेकंदांवर आणला. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, घंटीचा किमान वेळ ठरवून द्यावा लागला: मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०. ६ पैशांच्या घाऊक दराने कोट्यवधी लोकांच्या परत फोन करण्याच्या सवयीवर परिणाम केला. जानेवारी २०२१ पासून तो दर शून्य आहे, आणि अमर्याद बोलण्याच्या पॅकमुळे आता ग्राहकाला वेळेची किंवा लांबीची किंमत दिसतच नाही. ग्राहकांसाठी ते चांगलं झालं, मी त्याविरुद्ध नाही. पण गर्दी पसरवायचं जुनं हत्यार हातातून गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं नाही, याची नोंद धोरणात दिसत नाही.

आता मोजमापाकडे. ट्रायच्या २००९ च्या नियमांत बोलण्याच्या चॅनलची कोंडी २ टक्क्यांच्या आत आणि सिग्नलिंगची १ टक्क्याच्या आत असावी असं ठरलं. मोजायचं गर्दीच्या तासात. हा तास कसा ठरतो? अनेक दिवसांची सरासरी काढून, दिवसाचा जो ठरावीक तास सर्वांत भरलेला निघतो, तो. सरासरीत एकादशी बुडते. मग आकडा कंपनीच्या संपूर्ण सेवाक्षेत्राचा, आणि आपलं महाराष्ट्र सेवाक्षेत्र मुंबई वगळून गोव्यासकट आहे. वाळवंटावरचा भरलेला सेल पणजीच्या मोकळ्या सेलशी मिळवला जातो. २०१७ मध्ये कॉल तुटण्याबाबत सुधारणा झाली: नुसती सरासरी न बघता ९० टक्के सेलनी ९० टक्के दिवस मर्यादा पाळावी. विचार योग्य होता. पण ३० दिवसांच्या महिन्यात १० टक्के म्हणजे तीन दिवस. दशमी, एकादशी, द्वादशी. महिनाभर नीट चाललेला आणि नेमके हे तीन दिवस कोलमडलेला सेल अशा कसोटीत उत्तीर्ण होऊ शकतो. २०२४ च्या नियमांनी मासिक अहवाल आणि कव्हरेजचे नकाशे आणले, त्याचं स्वागत. मात्र कव्हरेज असणं आणि जागा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर चार दांड्या दिसत असतानाच कॉल लागत नाही, हे यात्रेकरूंना पक्कं माहीत आहे.

म्हणून पहिली मागणी: जिल्हा प्रशासनाने जाहीर केलेल्या गर्दीच्या दिवसांचा हिशेब वेगळा द्या, त्या ठिकाणच्या सेलचा, तासागणिक, सरासरीत न मिसळता. आणि त्यात कॉल न मोजता माणसं मोजा. एका माणसाने दहा वेळा प्रयत्न करून अकराव्यांदा बोलणं झालं, तर कॉलच्या हिशेबात ते ९१ टक्के अपयश. माणसाच्या हिशेबात तो अखेर बोलला. उलट, तीनदा प्रयत्न करून हताश झालेला माणूस कॉलच्या आकड्यांत फक्त तीनची भर घालतो. विचारायचा प्रश्न असा: ज्यांनी प्रयत्न केला त्यांतल्या किती जणांना पाच मिनिटांत बोलता आलं? नेटवर्ककडे प्रत्येक प्रयत्नाची नोंद असतेच. नावं वगळून एवढा एक आकडा काढणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

दुसरी मागणी पुनःप्रयत्नांबद्दल. ११ जुलै २००६ ला मुंबईत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये संध्याकाळी ११ मिनिटांत सात स्फोट झाले आणि मोबाइलची जाळी तुंबली. अशा वेळी बाहेरचा सगळा प्रदेश एका ठिकाणाकडे फोन लावतो. तिथे येणारे कॉल उगमाच्या एक्स्चेंजमध्येच रोखून, आतून बाहेर जाणाऱ्यांना जागा द्यायची असते, कारण आतला एक कॉल बाहेरच्या दहांची चिंता मिटवतो. जपानने हे कठोरपणे केलं. मार्च २०११ च्या भूकंपात तिथल्या मोबाइल कंपन्यांनी साधे कॉल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत रोखले. संदेश आणि डेटा त्या मानाने मोकळा ठेवला. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर, १९९८ मध्ये तिथे १७१ हा क्रमांक सुरू झाला होता: आपत्तीत अडकलेला माणूस तिथे निरोप रेकॉर्ड करतो, नातेवाईक तो ऐकतात, आणि त्या भागातल्या टॉवरवर फोनांचा मारा होत नाही. आपल्याकडे ११२ आहे, पण तो मदत मागण्यासाठी. ‘मी सुखरूप आहे’ एवढंच सांगण्यासाठी काही नाही. यात्रेसाठी आणि आपत्तीसाठी असा एक क्रमांक हवा.

रोखायची साधनं हाताशी आहेत. प्रत्येक सिम ० ते ९ यांपैकी एका प्रवेशवर्गात असतं. टॉवर काही मिनिटं काही वर्गांना थांबवून, मग दुसऱ्यांना थांबवून, दार मोकळं ठेवू शकतो, आणि आपत्कालीन सेवांचे विशेष वर्ग यातून वगळलेले असतात. पण हे गुपचूप केलं तर लोक आणखी जोरात बटण दाबतील. शांतता किंवा ‘हा क्रमांक सध्या व्यस्त आहे’ असं चुकीचं वाक्य पुनःप्रयत्नाला आमंत्रणच देतं. समोरचा व्यस्त नाही, वाट भरली आहे, दहा मिनिटांनी लावा किंवा एसएमएस करा, हे मराठीत आणि थोडक्यात सांगितलं पाहिजे. २०२३ पासून आपल्या फोनवर मोठ्या आवाजात चाचणीच्या सूचना आल्या, ती सेल ब्रॉडकास्टची यंत्रणा याच कामाची आहे. तिचा एक संदेश सेलमधल्या सगळ्या फोनना एकदम मिळतो. लाख लोकांना सांगायला लाख जागा लागत नाहीत.

बोलणं आखडतं घेण्याचा परिणामही लोकांना आकड्यांत सांगण्यासारखा आहे. वरच्या सेक्टरमध्ये ६५६ कॉल तसेच ठेवून प्रत्येक कॉल ९० ऐवजी ६० सेकंदांचा केला, तर परत फिरणारे २७ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतात. एकही टॉवर न वाढवता. एसएमएसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी: देवनागरीत एका संदेशात ७० च अक्षरचिन्हं बसतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘सुखरूप आहे. ६५ एकरात तंबूत. रात्री ९ ला फोन करतो.’ हे बसतं. ७० च्या पुढे गेलं तर संदेशाचे दोन तुकडे होतात आणि दार दोनदा वाजतं.

तिसरी मागणी सर्वांत जास्त फळ देणारी आहे आणि तिच्यावरच सर्वांत कमी बोललं जातं: गर्दीच्या दिवसांत चारही कंपन्यांची जागा एकत्र वापरा. एर्लांगच्या सूत्राचा एक सुंदर गुण असा की मोठा साठा छोट्या तुकड्यांपेक्षा जास्त काम देतो. १४ चॅनलचे चार वेगळे सेक्टर २ टक्के कोंडीत मिळून ३३ एर्लांगच्या आसपास पेलतात. तेच ५६ चॅनल एका साठ्यात असतील तर सुमारे ४६. चाळीस टक्के जास्त, त्याच यंत्रांवर, त्याच स्पेक्ट्रममध्ये. एका कंपनीचा सेक्टर तुंबलेला असताना शेजारच्या कंपनीचा अर्धा रिकामा असणं हे नेहमीचं दृश्य असतं. ओडिशाकडच्या चक्रीवादळांत दूरसंचार विभागाने सेवाक्षेत्राअंतर्गत रोमिंग सुरू करायला लावलं होतं, म्हणजे कोणाचंही सिम कोणत्याही टॉवरवर. मार्ग चोखाळलेला आहे. प्रत्यक्षात पूर्ण चाळीस टक्के मिळणार नाहीत. तंत्रज्ञान वेगळं, पट्टे वेगळे, आणि चारही जाळी भरली असतील तर भटकणारे फोन दारावरचा भार वाढवतील. म्हणून हे आधी सराव करून, मर्यादा ठरवून करायला हवं.

चाकांवरचे तात्पुरते टॉवर जरूर आणा, पण त्यांच्यावर सगळी भिस्त नको. गर्दीत शेजारी शेजारी उभे केलेले टॉवर एकमेकांच्या लहरींत व्यत्यय आणतात. मागची मायक्रोवेव्ह किंवा फायबर जोडणी अरुंद असेल, तर वर कितीही अँटेना लावा, कोंडी एक पायरी मागे सरकते. डिझेलची गाडी गर्दीतून पोचली नाही की जनरेटर बंद.

सिंहस्थाचं पहिलं पर्वस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, दुसरं ३१ ऑगस्टला. रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकच्या कुशावर्ताभोवतीच्या सेलचे तासागणिक आकडे पहिल्या स्नानानंतर दोन-तीन दिवसांत जाहीर झाले, तर मधे जवळपास चार आठवडे हातात राहतात. क्षेत्राच्या सीमा सरकवायला, रोमिंगच्या मर्यादा बदलायला, सूचनेचं वाक्य सुधारायला आणि कोणत्या घाटावर कोणाची जागा रिकामी राहिली हे पाहून टॉवरच्या गाड्या हलवायला तेवढे पुरतात. तेच आकडे तिमाही किंवा मासिक सरासरीत जाऊन बसले, तर ३१ ऑगस्टला रामकुंडावर हरवलेल्या मुलाचा बाप पहिल्या स्नानाच्या वेळी होता त्याच १४ चॅनलवर, त्याच गर्दीत, पुन्हा पुन्हा बटण दाबत उभा असेल.